मदत हवी आहे : पैठणच्या ज्ञानेश्वर उद्यानाच्या आठवणी

नमस्कार मंडळी. मराठवाड्यात शाळा झालेल्यांना पैठणची सहल चुकलेली नाही. सकाळी संत एकनाथांची समाधी, दुपारी जायकवाडी धरणाची भिंत आणि अंधार पडला की धरणाच्या जलाशयाच्या, म्हणजे नाथसागराच्या काठच्या संत ज्ञानेश्वर उद्यानात गाण्यावर नाचणारी रंगीत कारंजी. म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवरची बाग म्हणून केवढं कौतुक! ते वैभव आता राहिलं नाही, म्हणून निदान आठवणी तरी गोळा करतोय.

धरणाची तारीख सापडते: पायाभरणी १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते, उद्घाटन १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते. पण कारंज्यावर तेव्हा कोणती गाणी लागायची, हे कोण सांगणार? माझ्याकडे आईचा एकच फोटो आहे. नवी साडी, हातात चिवड्याचा पुडा आणि मागे फक्त पांढरा धूसर फवारा.

तुमच्याकडे जुने फोटो, तिकिटं, सहलीच्या वहीतली पानं असतील तर मोबाइलवर त्यांचे फोटो घेऊन पाठवा, साल अंदाजे चालेल. तिथे माळीकाम केलेली, फुटाणे-भेळ विकलेली, प्रकल्पाच्या वसाहतीत वाढलेली माणसं ओळखीत असतील तर आधी त्यांना विचारून मला कळवा. आणि हो, जमीन पाण्याखाली गेलेल्या घरांतलं कुणी ही बाग बघायला आलं होतं का? तेही ऐकायचंय.