मुलाच्या टाइप १ मधुमेहानंतर घरातले बोलणे आकड्यांपुरते उरले आहे

प्रश्न : सांगलीची आई

माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी टाइप १ मधुमेहाचे निदान झाले. दिवसातून चार वेळा इन्सुलिन, सहा-सात वेळा बोट टोचून तपासणी आणि शुगर तपासायला पहाटे तीनचा गजर हे सगळे आता अंगवळणी पडले असून त्याची शुगरही बरीचशी आटोक्यात असते. घर मात्र पूर्वीसारखे राहिलेले नाही. यजमानांचा कामावरून फोन आला की पहिला प्रश्न ‘किती आली?’ हाच असतो आणि मीही आकडा सांगून फोन ठेवते. लहानपणी चॉकलेटे जास्त दिल्यामुळे हे झाले, असे सासूबाई अजूनही म्हणतात.

सर्वांत जास्त काळजी तेरा वर्षांच्या मुलीची वाटते. ती काही मागत नाही, हट्ट करत नाही, भावाची इन्सुलिनचे पेन आणि शुगर तपासायच्या मीटरची पिशवी न सांगता भरून ठेवते आणि नातेवाईक तिच्या समजूतदारपणाचे कौतुक करतात. गेल्या महिन्यात तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर मला तारखांसह आकडे लिहिलेले दिसले. भावाच्या मीटरवर ती गुपचूप स्वतःची शुगर तपासत होती. तिच्याशी कसे बोलावे?

उत्तर : बारा वर्षांच्या अनुभवातून

ताई, मीटरच्या तपासणीच्या पट्ट्या वाया घालवल्या म्हणून तिला रागावला नाहीत ना? तिला भीती वाटते आहे आणि ती भीती तुमच्यावर घालायची नाही, असे तिने ठरवले आहे. तिला खरी माहिती द्या. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते, म्हणून हा आजार होतो. चॉकलेटमुळे, कोणाच्या चुकीमुळे किंवा भावाजवळ बसल्यामुळे तो होत नाही. सख्ख्या भावंडाला तो होण्याची शक्यता साधारणपणे शंभरात पाच असते, म्हणजे पंचाण्णव भावंडांना तो होत नाही. पुढच्या तपासणीला तिलाही सोबत न्या आणि डॉक्टरांना तिचे प्रश्न तिलाच विचारू द्या.

आमच्याकडे धाकट्या मुलीला मधुमेह आहे आणि थोरला असाच ‘समजूतदार’ झाला होता. त्याला वेळ द्यायचा असे मी रोज ठरवत असे, पण मीटर माझ्याच हातात असल्यामुळे ते कधी जमले नाही. माझ्या वडिलांच्या निधनानंतर मला तेरा दिवस माहेरी राहावे लागले आणि तोवर पेनला हात न लावलेल्या आमच्या यजमानांनी पहिल्या दोन दिवसांतच डोस ठरवण्यापासून सुई टोचण्यापर्यंत सगळे शिकून घेतले. परत आल्यावर मी ते काम त्यांच्याकडून पूर्ण काढून घेतले नाही. रविवारची सकाळ त्यांची राहिली, आणि त्या वेळी मी थोरल्याला घेऊन बाहेर पडत असे. पहिले काही रविवार तो काहीच बोलला नाही.

उत्तर : स्वतः टाइप १, वय २६

मला आठव्या वर्षी निदान झाले. शाळेतून आलो की आई आधी माझ्या चेहऱ्याकडे आणि मग मीटरकडे पाहत असे. २४० आकडा आला की तिचा चेहरा उतरायचा. तो उतरू नये म्हणून सहावीपासून मी डायरीत खोटे आकडे लिहू लागलो, आणि त्याचा परिणाम असा झाला की त्या खोट्या आकड्यांवरून माझे डोस ठरवले गेले. शुगरला ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ न म्हणता ‘कमी’ किंवा ‘जास्त’ म्हणावे, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे. तपासणी टाळू नका, परंतु हात धुताना त्याला खेळाच्या तासाबद्दल विचारा आणि मग बोट टोचा. त्याच्या बहिणीला त्याची पहारेकरी होऊ देऊ नका; मला बहिणीचा राग येत असे, आणि आज त्याचे वाईट वाटते.

उत्तर : एक आजी

सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा त्यांना काम द्या. शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे आणि मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, हे मला सुनेने शिकवले. तोपर्यंत मीही दोष शोधत होते, कारण करण्यासारखे दुसरे काही माझ्या हातात नव्हते.

सांगलीची आई

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री लेकीला जवळ घेऊन शंभरातल्या पाचांची गोष्ट सांगितली. बराच वेळ ती गप्प होती. मग तिने विचारले, “मला झाला असता, तर तू तीन वाजता दोनदा उठली असतीस का?” दार उघडे होते आणि यजमानांनीही ते ऐकले. आजचा तीनचा गजर त्यांनी स्वतःच्या फोनवर लावून घेतला आहे.