दंड जागेवर मिटवायचा तर आधी चलन की आधी मजुरी?

हिशेबवही

वेतन संहिता, म्हणजे मजुरीबद्दलचा नवा केंद्रीय कायदा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तेव्हापासून काजू कारखाने, मासळी प्रक्रिया आणि कॅनिंगवाल्यांमध्ये एक समज पसरलाय: कमी मजुरीचं प्रकरण निघालं तर कंपाउंडिंगचा (ठरलेली रक्कम भरून गुन्हा मिटवण्याचा) अर्ज करायचा, चलन भरायचं, विषय संपला. माझं मत असं की कामगारांच्या मजुरीतला फरक चुकता झाल्याशिवाय अधिकाऱ्याने कंपाउंडिंगचा अर्ज मंजूरच करू नये.

आकडेच बघा. वेंगुर्ले-सावंतवाडीकडच्या एखाद्या युनिटमध्ये १४ बाया काजू सोलतात. किलोवर मजुरी. दिवसाची कमाई किमान वेतनापेक्षा ६० रुपये कमी पडते असं धरा. महिन्याचे २६ दिवस, चार महिने. एका बाईचे ६,२४० रुपये, चौदा जणींचे ८७,३६०. कमी वेतन देण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त ५०,०००, आणि कंपाउंडिंगची रक्कम त्याच्या निम्मी. म्हणजे मालकाने २५,००० भरले की गुन्हा मिटला. ते पैसे सरकारी तिजोरीत जातात. बाईच्या हातात त्यातला रुपयाही येत नाही, आणि तिला कोणीतरी सांगतं की "केस मिटली गो". मिटलेला असतो तो गुन्हा. तिचा दावा तसाच उभा असतो, पण हे तिला सांगणारं कोणी नसतं.

बागायतदार_राजापूर

हे मान्य नाही. कंपाउंडिंगला अडकवलंत तर मालक वकील गाठणार, प्रकरण लांबणार आणि बाया घरी बसणार. लहान युनिटचा मालक मुद्दाम लुबाडतो असं नसतं. किलोचा दर गेल्या हंगामाचा असतो, महागाई भत्ता वाढतो, फरक साठत जातो. त्याला ताबडतोब मिटवायची सोय हवी. शिवाय निरीक्षकाने आधी लेखी निर्देश देऊन सुधारायला मुदत द्यायची, असं संहितेतच आहे. मग थेट दंडाची भाषा का?

अंतरही बघा. मंडणगडच्या बाईला रत्नागिरीला सुनावणीला जायचं तर दिवस मोडतो, दोडामार्गच्या बाईला ओरोसला जायचं तरी तेच. तीन तारखा पडल्या की तीन रोज गेले. त्यापेक्षा कारखान्यातच बसून, चार माणसांसमोर अर्धे-पाऊण पैसे आजच्या आज मिळत असतील तर ते वाईट कसं?

कलम_काढून_बघा

राजापूरकर, दोन गोष्टींची गल्लत होतेय.

लेखी निर्देश आणि मुदत कलम ५४(३) मध्ये आहे. ती सवलत नोंदवह्या नीट न ठेवणं आणि संहितेच्या इतर तरतुदी मोडणं, एवढ्यालाच आहे. देय रकमेपेक्षा कमी पैसे देणं हे कलम ५४(१)(क) मध्ये येतं, आणि त्याला ही मुदत लागू नाही. हजेरीपुस्तक अपुरं असेल तर सुधारायची संधी मिळते, मजुरी कमी दिली तर नाही. कायद्याने फरक कुठे केलाय ते यावरून लक्षात यावं.

दुसरं, "अर्धे-पाऊण". कलम ६० प्रमाणे, कामगाराने देय वेतनावरचा हक्क सोडला असा कुठलाही करार रद्दबातल असतो. शंभराच्या स्टँपवर चौदा अंगठे घेतले तरी उरलेल्या रकमेचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. असा कागद करून देणारा मालकाचंच नुकसान करतो. अर्धे पैसे जातात आणि प्रकरणही संपत नाही.

बंदरकाठ

मिरकरवाड्याच्या बाजूला मासळी प्रक्रियेत बहुतेक माणसं ठेकेदाराची. ठेकेदार हंगाम संपला की गायब. अशा वेळी आस्थापनेच्या मालकाला धरता येतं का?

कलम_काढून_बघा

येतं. कलम ४३. ठेकेदाराने दिलं नाही तर ज्याची आस्थापना तो जबाबदार.

तिन्हीसांज

माका इतक्याच कळता: पैशे आधी बायांच्या खात्यात जमा होऊक व्हये, मगे काय तां चलन भरा.

हिशेबवही

तेच. आणि जागेवर मिटवायला माझा विरोध नाही, हे राजापूरकरांनी लक्षात घ्यावं. उलट जागेवरच मिटवावं, पण या क्रमाने:

आधी हजेरी आणि किलोची वही समोर ठेवून प्रत्येक बाईचा दिवसवार तक्ता करा. इथेच सगळ्यात जास्त चुकतं. लोक महिन्याची बेरीज घेतात आणि जास्त सोललेल्या दिवसांनी कमी दिवस झाकतात. किलोचा किमान दर ठरलेला नसून फक्त रोजाचा किमान दर ठरला असेल, तर किलोवर काम करणारीलाही रोजाच्या दरापेक्षा कमी देता येत नाही. दुसरी चूक: काजूची बी संपली म्हणून दुपारी दोनला घरी पाठवलं, तो दिवस अर्धा धरतात. कामगार स्वतःहून गेलेला नसेल तर किमान वेतन पूर्ण दिवसाचं द्यावं लागतं. नेमाच्या तासांपेक्षा जास्त थांबवलं असेल तर त्या जादा वेळाचा दर दुप्पट. उचल वजा करायची तर सगळ्या कपाती मिळून त्या महिन्याच्या वेतनाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत.

मग फरक बँकेत जमा. रोख देणं बेकायदा नाही, पण पैसे दिल्याचं सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते, त्यामुळे खात्यात भरणं त्याच्याच फायद्याचं. तक्ता, बँकेचा उतारा आणि वेतनचिठ्ठ्या जोडून मग कंपाउंडिंगचा अर्ज. आणि दंड फक्त चलनाने. तपासणीला आलेल्या माणसाच्या हातात रोख दिलेली रक्कम म्हणजे दंड नव्हे, तिने गुन्हा मिटत नाही.

बागायतदार_राजापूर

दिवसवार तक्त्याचं पटलं. अर्ध्या पैशांचंही मागे घेतो, कलम ६० ध्यानात नव्हतं. पण फरक चुकता केल्याशिवाय अर्ज घ्यायचाच नाही, अशी अट कंपाउंडिंगच्या कलमात कुठे आहे? कायद्यात नसलेली अट अधिकारी घालू लागला की तिथेच देवघेव सुरू होते. ८७,००० एकदम काढणं ज्याला जमत नाही, त्याला दोन हप्त्यांत देऊ द्या आणि अर्ज घ्या.

कलम_काढून_बघा

कलम ५६ मध्ये तशी अट नाही, बरोबर. पण त्याच कलमात एक गोष्ट आहे जी मालकांना कोणी सांगत नाही. एकदा कंपाउंडिंग केलं की पाच वर्षांत तसाच गुन्हा पुन्हा झाल्यास ही सोय मिळत नाही. आणि एकदा दोषी ठरलेला पाच वर्षांत त्याच गुन्ह्यात पुन्हा दोषी ठरल्यास शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे किलोचा दर न सुधारता नुसतं चलन भरणारा पुढच्या हंगामात उघडा पडतो. आणि कलम ४५ खाली दावा गेला तर मूळ रकमेशिवाय तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई लागू शकते. वर दिलेल्या हिशेबात ती वरची मर्यादा ८,७३,६०० होते. आदेश होऊनही भरलं नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुली.

हिशेबवही

हप्त्यांना हरकत नाही, पण पहिला हप्ता अर्जाच्या आधी आणि दुसऱ्याची तारीख त्या तक्त्यावरच लिहिलेली, मालकाच्या सहीने. तक्त्याची एकेक प्रत चौदाही जणींच्या हातात द्या, मराठीत, आणि खाली एक ओळ घाला: "ही रक्कम कमी वाटल्यास तीन वर्षांच्या आत दावा करता येईल." एवढी ओळ लिहायला ज्या मालकाची हरकत असेल, त्याचा तक्ता पुन्हा तपासून बघा.

बागायतदार_राजापूर

ती ओळ चालेल. दुसरा हप्ता गणपतीच्या आधीचा ठेवा, चतुर्थीनंतर पैसे निघत नाहीत.