मराठीतली फुकट माहिती कुणाच्या पैशावर चालावी?

भिंगरी
परवा आईसाठी मधुमेहातल्या पथ्याची माहिती शोधत होते. एका मराठी संकेतस्थळावरचा लेख चांगला होता, डॉक्टरांनीच लिहिलेला. पण मधेच 'साखर मुळापासून घालवा, गोळ्या सोडा' अशी चूर्णाची जाहिरात. लेख कुठे थांबला आणि जाहिरात कुठे सुरू झाली ते आईला कळलंच नाही. "डॉक्टर गोळ्या सोडा म्हणतायत का गं?" असं तिने विचारलं आणि माझ्या पोटात धस्स झालं. माहिती देणाऱ्या स्थळांनी जाहिराती घेऊच नयेत, असं माझं ठाम मत झालंय. विकिपीडिया २००१ पासून त्यांच्याशिवाय चाललाय ना?

रानवाटा
भिंगरीताई, आईंच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण दुसरी बाजू ऐका. कोकणातल्या फळबागांवर, म्हणजे कलमं, मोहोर, तुडतुडे यांवर माहिती देणारं स्थळ मी नऊ वर्षं चालवतोय. डोमेन, होस्टिंग, फोटोंसाठी बागा फिरणं, सगळं पदरमोड करून. तीन वर्षांपूर्वी 'जमेल तेवढं द्या' म्हणून क्यूआर कोड लावला. वर्षभरात अकरा जणांनी पैसे पाठवले. जाहिराती लावल्यावर निदान होस्टिंग सुटतं.

आणि मराठी वाचकाला जाहिरातीचं वावडं कधीपासून? का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, ती परंपरा आज बँका, सराफ आणि बिल्डरांच्या पानांवरच तगून आहे. म्हणून कुणी अंक विकत घ्यायचं सोडलंय का?

जुनी वही
दिवाळी अंकाची तुलना इथे बसत नाही. अंकातली जाहिरात संपादकाच्या हाताखालून जाते. सराफ कोण ते त्याला माहीत असतं, नको ती परत पाठवता येते. वेबवर तसं नाही. वाचकाने पान उघडलं की त्या क्षणात त्या जागेचा लिलाव होतो आणि बोली जिंकणाऱ्याची जाहिरात झळकते. तुमच्या पानावर या घडीला कुणाला काय दिसतंय, ते रानवाटा, तुम्हालाही ठाऊक नसतं. त्यात मराठी पानांना इंग्रजीपेक्षा दर कमी, मग चूर्णवाल्यांना ती जागा स्वस्तात मिळते.

विकिपीडियाही आपोआप जाहिरातमुक्त राहिला नाही. सुरुवातीला त्याचा खर्च बोमिस ही कंपनी करायची. २००२ मध्ये तिथे जाहिराती येणार अशी कुणकुण लागताच स्पॅनिश विकिपीडियावरचे बरेच लेखक उठून गेले आणि 'एन्सिक्लोपेदिया लिब्रे' हा वेगळा कोश मांडून बसले. आम्ही फुकट लिहायचं आणि त्यावर दुसऱ्याने कमवायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. २००३ च्या जूनमध्ये ना-नफा विकिमीडिया फाउंडेशन उभं राहिलं आणि भार देणग्यांवर आला. त्या लेखकांचं आपल्यावर ऋण आहे, असं मी मानतो.

हिशेबनीस
देणगीचं फार कौतुक नको. फाउंडेशनचा २०२३-२४ चा खर्च सुमारे १८ कोटी डॉलर. त्यात सर्व्हर होस्टिंगचे ३० लाखांच्या आसपास, निम्म्याहून जास्त पगार. तरी आवाहन असं करतात की वाचकाला वाटावं, आज पैसे दिले नाहीत तर उद्या दिवा विझेल. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला असं घाबरवणं मला पटत नाही. त्यापेक्षा २०२१ मध्ये सुरू झालेली 'एंटरप्राइझ' सेवा बरी. जी बडी कंपनी हा मजकूर घाऊक वापरते, तिच्याकडून पैसे घ्या.

जुनी वही
आवाहनाची भाषा चुकते, कबूल. पण सर्व्हर सांभाळायला आणि कोर्टात उभं राहायला माणसंच लागतात, त्यांना पगार नको का?

भिंगरी
मग सरकारनेच खर्च करावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत उभा केलेला मराठी विश्वकोश आज घरबसल्या फुकट वाचता येतो, एकही जाहिरात मधे येत नाही. आईला आता तोच उघडून दिलाय.

रानवाटा
विश्वकोशाबद्दल आदरच आहे. पण पहिला खंड १९७६ चा आणि विसावा पुरा व्हायला २०१५ उजाडलं. माझ्याकडचा बागायतदार विचारतो, आज मोहोरावर काय फवारू? डॉ. श्री. व्यं. केतकरांनीही ज्ञानकोशासाठी सरकारची वाट पाहिली नव्हती. कंपनी काढली, गावोगाव फिरून वर्गणीदार मिळवले आणि तेवीस खंड पुरे केले.

जुनी वही
अहो, मग तेच करा की! वर्गणीदार मिळवा.

रानवाटा
तेच मनात घोळतंय. तुमचं लिलावाचं वाचून रात्री दुसऱ्याच्या फोनवर माझं स्थळ उघडून पाहिलं. आंब्यावरच्या लेखात वजन घटवायच्या गोळ्या. लाज वाटली. औषधं, वजन घटवणं आणि झटपट श्रीमंती हे वर्ग लगेच बंद केले. किती फटका बसतो ते महिन्याने इथे लिहीन. वर्गणीची अडचण मात्र वेगळी आहे. आमच्याकडे मोठी रक्कम देऊ शकणारे म्हणजे कीटकनाशकांचे विक्रेते. उद्या मी लिहिलं की या वर्षी तिसरी फवारणी करू नका, तर ते गप्प बसतील?

भिंगरी
नाही बसणार. म्हणून कुणाकडूनही वर्षाला हजाराच्या वर घेऊ नका, आणि कुणी किती दिले ती यादी पहिल्याच पानावर लावा. माझे पाचशे धरा. तो जुना क्यूआर कोड अजून चालतो ना?