मदत हवी आहे: पाण्याच्या पिशवीच्या नळीतील काळी बुरशी कशी काढावी?

माझ्याकडे सॅकमध्ये बसणारी, नळीने पाणी पिण्याची 2 लिटरची पिशवी आहे. राजहंसगड आणि जांबोटी परिसरातील भटकंतीनंतर ती ओलीच राहिली (एकदा तिच्यात लिंबू सरबतही भरले होते) आणि आता नळीच्या आत व तोंडात धरायच्या रबरी झडपेत काळे ठिपके दिसत आहेत.

खाण्याचा सोडा घातलेले कोमट पाणी रात्रभर ठेवले, दुसऱ्या दिवशी व्हिनेगरने धुतले. पिशवी स्वच्छ झाली, वासही गेला, परंतु बाटलीचा ब्रश अरुंद नळीत शिरत नसल्याने तेथील डाग तसेच आहेत. उकळते पाणी वापरू नये, असे पिशवीवरच छापलेले आहे. ब्लीच व व्हिनेगर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो, म्हणून ब्लीच अद्याप वापरलेले नाही. खानापूरकडील पावसाळी हवेत दोन दिवस टांगूनही नळी आतून वाळत नाही. फ्रीजरमध्ये ठेवल्यास बुरशीची वाढ थांबते, पण ती मरत नाही. सुटी नळी मला येथे मिळालेली नाही.

तरी सुगंधविरहित घरगुती ब्लीच 1 लिटर पाण्यात किती घालावे व नळीत किती वेळ ठेवावे, आणि त्यानंतरही डाग राहिल्यास ती नळी पिण्यासाठी वापरता येईल का?