कम्युनिटी कॉलेजमधून रेडिओग्राफीची असोसिएट डिग्री: खरंच दोन वर्षांत होते का?

प्रश्न

अमेरिकेत एच-४ वर (नवऱ्याच्या एच-१बी वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) आहे. भारतातली केमिस्ट्रीची बी.एस्सी., २०११ ची. कम्युनिटी कॉलेजमधून रेडिओग्राफी (एक्स-रे तंत्रज्ञाचा कोर्स) करायचं ठरवतेय. माहितीपत्रकात दोन वर्षं लिहिलंय, ते खरं धरायचं का? लसींचे कुठले कागद लागतात? ॲनाटॉमी कधीच शिकलेले नाही, तिची तयारी कशी करू?

प्रतिसाद १

तीन वर्षं धरून चाला. कॉलेजात प्रवेश मिळणं वेगळं आणि प्रोग्रॅमसाठी निवड होणं वेगळं. ती दोन वर्षं निवडीनंतर सुरू होतात. त्याआधी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी १ आणि २, इंग्लिश कॉम्पोझिशन, गणित असे विषय संपवावे लागतात. ॲनाटॉमी १ झाल्याशिवाय २ ला बसता येत नाही, म्हणजे दोन सेमिस्टर तिथेच गेली. बॅच बहुधा वर्षातून एकदाच भरते. अर्जाची तारीख हुकली की वर्ष गेलं.

पदवीचं मूल्यांकन नेसेसच्या (परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या) सदस्य संस्थेकडून विषयवार करून घ्या, नुसतं 'पदवी समकक्ष' एवढंच नको. पण बरीच कॉलेजं पाच-सात वर्षांपूर्वीचे सायन्सचे क्रेडिट धरत नाहीत, त्यामुळे २०११ च्या विज्ञान विषयांवर भिस्त ठेवू नका.

फी भरण्याआधी जेआरसीईआरटीच्या (रेडिओग्राफीच्या प्रोग्रॅमना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर प्रोग्रॅमची मान्यता बघा. पहिल्याच प्रयत्नात किती जण एआरआरटी परीक्षा (रेडिओग्राफरच्या प्रमाणपत्राची परीक्षा) पास झाले, याची पाच वर्षांची सरासरी तिथेच मिळते. कॉलेज निवडताना मी सगळ्यात जास्त वजन याच आकड्याला देईन. क्लिनिकलचे (रुग्णालयातल्या प्रशिक्षणाचे) तास अभ्यासक्रमाचाच भाग असतात आणि त्यांना पगार नसतो. एच-४ वर शिकता येतं. नोकरीला मात्र ईएडी (काम करण्याचा परवाना) लागेल, तो हिशेब आजच मांडा.

प्रतिसाद २

लसींचं काम आत्ताच हातात घ्या. हेपटायटिस बीच्या नेहमीच्या वेळापत्रकात तीन डोस असतात: पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (प्रतिकारशक्ती तयार झाली का ते बघणारी रक्ततपासणी). म्हणजे शून्यापासून सुरुवात असेल तर सात-आठ महिने. कागद अपुरे म्हणून क्लिनिकल अडतं ते बहुतेक इथेच.

दुसरा घोळ टीबी टेस्टचा. लहानपणी बीसीजी घेतलेली असेल तर हातावरची स्किन टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे आणि पुढची धावपळ. थेट रक्ताची टेस्ट मागा. क्वांटिफेरॉन या रक्ताच्या टेस्टवर बीसीजीचा परिणाम होत नाही. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) किंवा कांजिण्यांची लस त्याच सुमारास घ्यायची असेल तर टेस्ट त्याच दिवशी किंवा लसीनंतर चार आठवड्यांनी करा, मधल्या काळात नको. जिवंत विषाणूच्या लसीमुळे टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

सीपीआरसाठी (हृदय बंद पडल्यावरच्या प्रथमोपचारासाठी) अमेरिकन हार्ट असोसिएशनचा 'बीएलएस प्रोव्हायडर'च करा. त्याच संस्थेचा 'हार्टसेव्हर' सर्वसामान्यांसाठी आहे, तो सहसा चालत नाही.

प्रतिसाद ३

ॲनाटॉमीत माणसं थिअरीपेक्षा लॅब प्रॅक्टिकलला जास्त अडकतात. टेबलांवर हाडं आणि मॉडेल्स मांडलेली, त्यांना टाचण्या टोचलेल्या, एकेका टेबलापाशी मिनिटभर, की पुढे सरका. पर्याय नसतात, नाव स्वतः लिहायचं आणि स्पेलिंग चुकलं की गुण कापले जाऊ शकतात. 'इलियम' कानाला एकच वाटतं, पण मधे आय असेल तर कमरेचं हाड आणि ई असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग. म्हणून नुसतं वाचू नका, कोऱ्या कागदावर लिहा.

हाड हातात घेतलं की आधी डावं की उजवं ते ठरवा. फीमरचा (मांडीच्या हाडाचा) गोल माथा शरीराच्या मध्याकडे आणि लिनिआ ॲस्पेराची खडबडीत कड मागे. एवढं जमलं की बाजू कळते. ही सवय पुढे पोझिशनिंगला (एक्स-रेसाठी रुग्णाला नीट उभं करायला, झोपवायला) रोज कामाला येते. छातीचा एक्स-रे ७२ इंचांवरून आणि पाठीकडून किरण सोडून का घेतात? हृदय पुढच्या बाजूला असतं, छाती रिसेप्टरला (चित्र टिपणाऱ्या पाटीला) टेकवली की ते त्याच्या जवळ येतं, म्हणून सावली कमी फुगते. ॲनाटॉमी पक्की असेल तर हे पाठ करावं लागत नाही.

चार क्रेडिटच्या विषयाला वर्गाबाहेर आठवड्याला आठ ते बारा तास धरा.

प्रश्नकर्ती

खूप आभार. ॲनाटॉमी ऑनलाइन केली तर चालेल?

प्रतिसाद १

थिअरी बहुतेक ठिकाणी चालते, ऑनलाइन लॅब काही प्रोग्रॅम नाकारतात. नाव नोंदवायच्या आधी रेडिओग्राफीच्या प्रोग्रॅम डायरेक्टरला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, आणि ते जपून ठेवा.