घरासाठी जागा घेताना काय काय बघितलंत? अनुभव लिहा

सध्या आमचं जागा शोधणं चालू आहे, पुण्याच्या आसपास की गावाकडे तेच ठरत नाहीये. एजंट सगळे 'टायटल क्लिअर आहे' एवढंच म्हणतात. ज्यांनी जागा घेऊन घर बांधलंय त्यांनी प्लीज लिहा, कागदांचं लिहाच पण जागेवर जाऊन काय बघायचं तेही.

रत्नागिरीकर: कोकणात घेत असाल तर आधी सातबाऱ्यावर नावं किती ते मोजा. आम्हाला आवडलेल्या जागेवर पस्तीसेक नावं, निम्मी माणसं मुंबईला, काही वारलेली आणि वारसनोंदच नाही, एक आत्या नागपूरला, तिला पत्ताच नाही आपलं नाव लागलंय म्हणून. विकणारे काका म्हणे माझ्या हिश्श्याचे पाच गुंठे घ्या की! अहो पण वाटपच झालेलं नाही तर तुमचा हिस्सा आंब्याकडचा की वहाळाकडचा हे सांगणार कोण. सोडली ती जागा. मग घेतली ती एकाच नावावरची, जुने फेरफार (जमीन कुणाकडून कुणाकडे गेली त्याच्या नोंदी) काढले, सरकारी मोजणी करून घेतली आणि हद्दीचे दगड रोवल्यावरच विसार (आगाऊ रक्कम) दिला. आणि विहीर बघायची तर मे महिन्यात बघा, जानेवारीत सगळ्याच विहिरी भरलेल्या दिसतात.

धागाकर्ती: बापरे. आम्ही शेतकरी नाही, मग?

रत्नागिरीकर: मग शेतजमिनीच्या वाटेला जाऊच नका, कुळकायद्याचं कलम 63 आडवं येतं, कलेक्टरची परवानगी लागते. एनए (बिगरशेती) झालेलीच बघा, आणि त्याचा सरकारी कागद हातात घ्या. 'एनए होणारे' याला काही अर्थ नसतो.

अकोलेकर: आमच्याकडे काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. शेजारचं घर खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकं तडकलंय. मुरूम लागेपर्यंत खोदायचा खर्च धरूनच भाव करा. आम्ही विसाराआधीच जेसीबी बोलावून कोपऱ्यात खड्डा मारून बघितला, मालकही जरा फुगला, पण ऐकलं.

सांगलीवाला: नदीकाठ असेल तर पूररेषा बघा. निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदाची. निळीच्या आत बांधकाम करता येत नाही, पण प्लॉट विकायचं कोण थांबतंय. आणि रेषेवर तरी किती विसंबायचं, 2005 ला आला, 2019 ला आला, 2021 ला परत. मी जिथं जाईन तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचो पाणी कुठवर होतं. एका आजींनी भिंतीवरची रेघच दाखवली, खिडकीच्या गजांच्या वर. एजंट शेजारी उभा, आधी म्हणत होता इथं पाणी येतच नाही ओ.

पुण्याजवळून: 11 जणांत मिळून 11 गुंठे, सातबारा एकच, असलं काही दाखवलं तर तिथूनच नमस्कार करा, वर रत्नागिरीकर म्हणतात तोच हिश्श्याचा घोळ. रस्त्याचंही बघा, ले-आऊटवर 20 फुटी रस्ता छान रंगवलेला असतो पण गटनकाशात ती जमीन दुसऱ्याच्याच गटात निघते. रस्ता खरेदीखतात लिहून घ्या, तोंडी 'जाऊ द्यायचे सगळे' चालत नाही. लोन घ्यायचं नसलं तरी बँकेत चौकशी करा, बँक नाही म्हणाली तर कारण विचारा, बरंच कळतं.

अजून एक पुणेकर: लग्नसराईत रात्री प्लॉटवर जाऊन या. आमच्या मागे लॉन्स आहे.