रॉकवाल्यांची चरित्रं: कुठली घेऊ, कुठली नको?

कालची_पेज (म्हापसा)
नमस्कार मंडळी. मुलगा बारावी झाला, आता दिवसभर गिटार. वाढदिवसाला त्याला रॉकवाल्यांची एक-दोन पुस्तकं द्यावीत म्हणतो. मी नाट्यसंगीतवाला, लेड झेपेलिन हा एक माणूस आहे असं परवापर्यंत समजत होतो. शुक्रवारच्या बाजारात 'द डोर्स' बँडचा गायक जिम मॉरिसन याचं जुनं चरित्र दीडशेला मिळालं. घरी येऊन बघतो तर मधली सोळा पानं गायब आणि उरलेली पावसाने फुगून पापड झालेली. वाचलं तेवढ्यात माणूस मेला की नाही हेच धड कळेना. इंग्रजी चालेल. नशापाणी असेल तर असू दे, पण नुसतं तेवढंच नको.

टाळकरी (फोंडा)
ते १९८० चं 'नो वन हिअर गेट्स आउट अलाइव्ह' असेल तर सोळा पानं परत मिळाली तरी कळणार नाही! मॉरिसन जुलै १९७१ मध्ये पॅरिसला वारला, वय २७. शवविच्छेदन झालं नाही, आणि तेवढ्या फटीतून 'कदाचित मेला नसेलही' अशी पुडी सोडून दिलीय. कॉलेजात मी ती खरी मानून कँटीनमध्ये भांडलोय, म्हणून राग जरा जास्त आहे.

डोळे मिटून घ्या ते कीथ रिचर्ड्सचं 'लाइफ' (२०१०). रोलिंग स्टोन्सचा गिटारवाला. हा बाबा लहानपणी शाळेच्या गायकवृंदात होता, वेस्टमिन्स्टर ॲबीत राणीसमोर गायलेला. आवाज फुटला तशी शाळेने त्याला वृंदातून काढलं, वर गाण्यापायी बुडालेल्या तासांसाठी एक वर्ष मागे बसवलं. तिथून जो डोक्यात तिडा बसला तो बसलाच. आमच्या भजनी मंडळात आवाज फुटला की पोराला टाळ देतात. मलाही तसेच मिळाले, म्हणून ते पान मी दोनदा वाचलं.

पण खरी गंमत तारांची. हा गिटारची सगळ्यात जाड तार काढूनच टाकतो आणि उरलेल्या पाच अशा लावतो की बोट न ठेवता नुसता हात फिरवला तरी आख्खी 'जी' कॉर्ड, म्हणजे एकत्र जुळणारे सूर, वाजते. तानपुऱ्यासारखी गुंजत राहते म्हणा ना. पुतण्याच्या गिटारवर मी करून बघितलं. लावायला अर्धा तास गेला, पुतण्या आठवडाभर बोलला नाही, पण त्यांची गाणी तशी का वाजतात ते कानाला पटलं. नशापाणी भरपूर आहे, पोलीसही आहेत. तरी माणूस वाजवण्याबद्दल बोलतो.

'हॅमर ऑफ द गॉड्स' (१९८५) मात्र पोराला देऊ नका. तुमच्या त्या 'झेपेलिन' बँडचंच आहे. टूर मॅनेजरने सांगितलेल्या हॉटेलातल्या भानगडी पानोपानी, आणि बँडवाले स्वतः त्या पुस्तकावर नाराज. मीही एका रात्रीत संपवलं, खोटं कशाला बोलू. सकाळी एकही सूर आठवत नव्हता.

शिवोलीचो_पाव
पात्राव, लंडनपर्यंत गेलात आणि वाटेत शिवोली दिसली नाही? तिथल्याच गायकाचं, रेमो फर्नांडिसचं आत्मचरित्र आहे की, २०२१ चं. मुंबईत जे. जे.ला आर्किटेक्चर शिकलेला माणूस गावात परत येतो आणि १९८४ मध्ये 'गोअन क्रेझी' हा अल्बम घरच्या घरी रेकॉर्ड करतो, बहुतेक वाद्यं स्वतःच वाजवून. म्हापशाच्या पोराला कीथपेक्षा हे जवळचं वाटेल मरे.

अबोली_७१
मुलगा काही लिहीत असेल तर गायिका-कवयित्री पॅटी स्मिथचं 'जस्ट किड्स' हे आत्मकथन द्या. रॉक त्यात थोडंच. न्यूयॉर्कमध्ये दोन कफल्लक पोरं कशी जगली ते आहे. तिला २०१० चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला त्यासाठी. मी मडगाव–पणजी बसमध्ये वाचत होते, पणजीचं पाटो मागे गेलं तेव्हा लक्षात आलं.

आणि टाळकरीदादा, भानगडींची सगळीच पुस्तकं वाईट नसतात हं. मॉटली क्रू या बँडचं 'द डर्ट' (२००१) त्यातले चौघे आळीपाळीने सांगतात आणि एकमेकांना खोटं पाडतात. अठराव्या वर्षी देऊ नये हे कबूल.

टाळकरी (फोंडा)
रेमो विसरलो, कान पकडतो. 'द डर्ट'बद्दल हार मानत नाही. आणि हो, कोणी बीटल्सवरचं मार्क ल्युइसनचं 'ट्यून इन' (२०१३) सुचवलं तर आधी वजन बघा. नऊशेच्या वर पानं, आणि १९६२ संपलं की पुस्तक संपतं! तोवर ते जगाला माहीतच नाहीत. मला आवडलं, पण मी निवृत्त आहे.

कालची_पेज (म्हापसा)
रेमो आणि कीथ, दोन्ही मागवली. पाच तारांची गोष्ट जेवताना मुलाला सांगितली. काही बोलला नाही, उठला, आणि जाड तार काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली. परत हवी झाली तर ती पुन्हा बसते का हो?